शिवणीची पाने आणि निळा भुंगेरा

पावसाळ्याच्या तोंडावर शिवणीच्या झाडाची पाने गोल गोल भोकांनी चाळणीसारखी झालेली दिसतात आणि पुढे पंधरवड्याने पाहावे तर काही फांद्यांवर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या असतात. हे काम बहुतेक वेळा एकाच कीटकाचे असते. त्याचे शास्त्रीय नाव 'क्रास्पेडोंटा लेयाना'. जुन्या वनशास्त्रीय ग्रंथांत तो 'कॅलोपेप्ला लेयाना' या नावाने आढळतो. लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. या लेखापुरते आपण त्याला शिवणभुंगेरा म्हणू, कारण त्याचा जवळजवळ सारा संसार शिवणीच्या पानांवरच चालतो.

ज्या कुलात हा कीटक मोडतो त्याला शास्त्रात 'क्रायसोमेलिडी' म्हणतात. मराठीत पर्णभुंगेरे हा शब्द सोयीचा ठरेल. जगभरात या कुलातील तीस हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. शेतकऱ्यांना या कुलाची ओळख फार पूर्वीपासून आहे, फक्त ती वेगवेगळ्या नावांनी आहे. काकडी-भोपळ्याच्या कोवळ्या वेलांवर तुटून पडणारा तांबडा भुंगेरा, भातावरील काटेरी 'हिस्पा', बेशरमीच्या आणि रताळ्याच्या पानांवर बसणारे कासवाच्या पाठीचे ठिपकेदार किडे, हे सारे याच गोतावळ्यातले. गाजर गवताचा नायनाट करण्यासाठी मेक्सिकोतून आणून १९८४ च्या सुमारास बंगळूरू परिसरात सोडलेला भुंगेराही पर्णभुंगेराच. म्हणजे एकाच कुलातील एक जात शेतकऱ्याची वैरीण ठरते आणि दुसरीला आपण मुद्दाम बोलावून आणतो. कीटक चांगला की वाईट, हा प्रश्न तो कोणते पान खातो आणि ते पान कोणाचे आहे, यावरच बहुधा ठरत असतो.

शिवणभुंगेरा समजून घ्यायचा तर आधी ज्याचे पान पूर्ण गळते असे रान पाहिले पाहिजे. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या डोंगरांत शिवण आहे. पण तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सदाहरित आणि पानझडी वृक्ष एकमेकांत मिसळलेले असतात आणि ऋतूंच्या सीमा धूसर होतात. एखाद्या झाडाची पाने गळली तरी शेजारची हिरवाई ती रिकामी जागा झाकून टाकते. म्हणून येथे उदाहरणासाठी तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे रान घेतले आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूर यांच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्याच्या बाजारपेठांत मराठी सर्रास ऐकू येते आणि जिल्ह्यातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या सातमाळा डोंगररांगेला तेथील जुन्या नोंदींत 'सह्याद्री पर्वत' असेच म्हटले आहे.

या जिल्ह्यातील नेरडीगोंडा हे मंडळाचे गाव आदिलाबाद आणि निर्मल यांच्यामधील राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर आहे. गावाच्या नावात तेलुगू कानाला 'नेरेडु', म्हणजे जांभूळ, ऐकू येते. पर्यटक येथे थांबतात ते कुंटाला धबधब्यासाठी. गोदावरीची उपनदी असलेली कडम नदी येथे सुमारे ४५ मीटर खाली कोसळते आणि तेलंगणातील हा सर्वांत उंच धबधबा मानला जातो. धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या रानाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बिबा, सालई, पळस, बांबू, आणि त्यांच्यात अधूनमधून शिवण, अशी या शुष्क पानझडी रानाची घडण आहे. पाऊस हजार-अकराशे मिलिमीटरचा आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमधला. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर इतके उघडे पडतात की दगडांचे थर मोजता यावेत. अशा ठिकाणी पान खाऊन जगणाऱ्या किड्यापुढचा प्रश्न सरळ असतो: वर्षातले तीन-चार महिने पानच नसेल तर करायचे काय?

उत्तराकडे वळण्यापूर्वी झाडाविषयी थोडे. शिवण म्हणजे 'ग्मेलिना आर्बोरिया'. संस्कृतात गंभारी किंवा काश्मरी, हिंदीत गम्हार, तेलुगूत गुम्मडी टेकू. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी तिला साग आणि निर्गुडीबरोबर 'व्हर्बिनेसी' कुलात ठेवत. आता हे सगळेच तुळशीच्या कुलात गेले आहेत. पान हृदयाच्या आकाराचे, समोरासमोर, हाताच्या पंजाएवढे. पाने गळून झाड उघडे असतानाच पिवळ्या-तपकिरी फुलांचे झुबके येतात, त्यांच्यामागून नवी पालवी फुटते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पिवळी फळे खाली पडतात. हरणे ती आवडीने खातात. बेल, टेटू, पाडळ, ऐरण आणि शिवण यांच्या मुळांना आयुर्वेदात बृहत्पंचमूळ म्हणतात आणि ती दशमुळातील पाच होत. मुळासाठी झाड उपटावे लागते, त्यामुळे पुष्कळ रानांतून शिवण विरळ होत गेली आहे.

लाकूड फिकट पिवळे, हलके, सहसा न वाकणारे आणि कापायला सोपे. ढोलकीच्या खोडासाठी त्याला मागणी असे. मध्य प्रदेशातील सिवनी शहराचे नाव याच झाडावरून पडले असे सांगितले जाते आणि ढोलकीचाच दाखला त्यासाठी दिला जातो. या लाकडाची खरी कीर्ती मात्र वाढीच्या वेगामुळे झाली. सागाला जिथे कित्येक दशके लागतात तिथे शिवण दहा-पंधरा वर्षांत कापण्याजोगी होते. याच गुणामुळे तिचे भुंगेऱ्याशी असलेले जुने नाते बिघडले. त्याचा तपशील पुढे येईल.

आता भुंगेरा. प्रौढ कीटक साधारण सव्वा सेंटिमीटर लांबीचा असतो. पाठीवरची कठीण पंखझाकणे निळसर-हिरवी, कधी जांभळ्याकडे झुकणारी, धातूसारखी चकाकणारी आणि खडबडीत, जणू बारीक हातोडीने ठोकलेली. डोक्यामागचा भाग आणि पाय पिवळट-तपकिरी. रंगांची ही जोडी एवढी ठळक असते की एकदा पाहिलेला शिवणभुंगेरा दुसऱ्यांदा ओळखता येतो. तो कासवभुंगेऱ्यांच्या उपकुलातला खरा. पण त्या गटातील इतरांच्या अंगाभोवती जी रुंद, पारदर्शक कड असते ती याला फारशी नाही. त्यामुळे कासवापेक्षा तो एखाद्या फुगीर मण्यासारखा दिसतो.

मादी पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्याने अंडी घालते आणि त्यांच्यावर फेसाळ स्रावाचे आवरण चढवते. हा स्राव वाळून तपकिरी, खरखरीत पाकीट तयार होते. ज्याला माहीत नाही त्याला ते चिखलाचा वाळलेला शिंतोडा वाटेल. काही दिवसांत अंड्यांतून अळ्या बाहेर येतात आणि सुरुवातीला एकत्र राहून पानाचा पृष्ठभाग खरवडून खातात. मोठ्या झाल्या की पांगतात आणि पानाला भोके पाडतात.

या अळीची एक सवय थोडी किळसवाणी आहे. पण तिच्या जगण्याचे मर्म तिच्यातच आहे. अळीच्या शेपटाकडे चिमट्यासारखे दोन काटे असतात. कात टाकताना ती जुनी कात फेकून देत नाही. त्या काट्यांवर अडकवून ठेवते आणि विष्ठाही तेथेच चिकटवते. विष्ठेचे हे काळे, बारीक, लांब धागे एकात एक गुंतून तिच्या पाठीवर एक झुबका तयार होतो. मुंगी किंवा शिकारी ढेकूण जवळ आला की अळी शेपूट उचलून तो झुबका त्याच्या तोंडासमोर धरते. कासवभुंगेऱ्यांच्या बहुतेक अळ्यांत ही युक्ती आढळते. जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांनी तिच्यावर बरेच प्रयोग केले असून अशी ढाल काढून घेतलेल्या अळ्या शिकाऱ्यांना लवकर बळी पडतात असे अनेक जातींत दिसून आले आहे. शिवणीच्या पानाखाली काळ्या केसांचा गुंता हलताना दिसला, तर ती ही अळी समजावी.

दोनेक आठवडे खाऊन झाल्यावर अळी पानावरच कोष करते. त्यातून आठवड्याभरात भुंगेरा बाहेर पडतो. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो. त्यामुळे पावसाळा संपेपर्यंत एकामागून एक पिढ्या निघतात आणि त्या एकमेकींत मिसळतात. एकाच फांदीवर अंडी, लहान अळ्या, कोष आणि भुंगेरे असे सगळे एका वेळी सापडू शकते. झाडाच्या दृष्टीने वाईट गोष्ट अशी की अळी आणि प्रौढ दोघेही पानच खातात. फुलपाखरू झाले की मकरंदावर जगावे, ही सोय येथे नाही. प्रौढ तर पानांवर न थांबता कोवळे कोंब आणि शेंड्याची सालही कुरतडतो.

थंडी सुरू झाली आणि पाने निबर होऊ लागली की भुंगेरे खाणे थांबवतात. सालीच्या भेगा, पाचोळा, वाळलेले बांबू, दगडांच्या सांदी अशा जागा शोधून ते निपचित पडून राहतात. म्हणजे पान नसलेले महिने ते झोपून काढतात. उन्हाळ्यात पालवी फुटली की तेच भुंगेरे बाहेर येतात, नव्या पानांवर ताव मारतात आणि अंडी घालतात. नेरडीगोंड्याच्या रानात पळस फुलून गेल्यावर जेव्हा शिवणीला नवी पालवी येते, तीच या चक्राची सुरुवात. झाडाने पाने टाकून कोरडा काळ टाळायचा आणि किड्याने झोपून पानांचा दुष्काळ टाळायचा, असा हा परस्परांशी बांधलेला दिनक्रम आहे. अर्थात किड्याला तो झाडाकडून घ्यावा लागला. झाडाला किड्याची काहीच गरज नाही.

मिश्र रानात या सगळ्याचा झाडाला उपद्रव किती होतो? अनेक वर्षे तसा थोडाच. याचे पहिले कारण अंतर हे आहे. एका शिवणीपासून दुसरी शिवण शंभर-दोनशे पावलांवर असते आणि मधे ऐन, धावडा, तेंदू यांची गर्दी. पालवीच्या शोधात निघालेल्या भुंगेऱ्याला ती शोधून काढावी लागते आणि त्या शोधात पुष्कळ भुंगेरे पक्ष्यांच्या, कोळ्यांच्या किंवा मुंग्यांच्या तोंडी पडतात.

दुसरे कारण म्हणजे परजीवी गांधीलमाश्या. 'टेट्रास्टिकस' वंशातील अगदी बारीक, जेमतेम डोळ्यांना दिसणाऱ्या माश्या शिवणभुंगेऱ्याच्या अंड्यांत आणि कोषांत आपली अंडी घालतात आणि आतल्या जीवाला खाऊन बाहेर पडतात. 'ब्राकिमेरिया' वंशातील थोड्या मोठ्या, जाड मांड्यांच्या माश्या कोषांवर येतात. फेसाळ आवरण आणि विष्ठेची ढाल मुंग्यांपासून वाचवते. या माश्यांपुढे तिचा फारसा उपयोग होत नाही. या माश्यांची प्रौढ पिढी फुलांच्या मकरंदावर जगते आणि वर्षभर कुठले ना कुठले फूल मिळावे यासाठी तिला रानातील झुडपे, वेली, गवते लागतात. म्हणजे शिवणीचे राखण शेजारच्या झुडपांकडूनही होत असते.

ही व्यवस्था मोडते ती लागवडीत. याचा पहिला मोठा धडा ब्रह्मदेशात मिळाला. तेथे शिवणीला 'यमने' म्हणतात आणि वनखात्याने तिच्या सलग लागवडी केल्या होत्या. त्या लागवडींवर हा भुंगेरा इतका माजला की तेथील वन-कीटकतज्ज्ञ पी. एफ. गार्थवेट यांनी त्याच्या जीवनक्रमाचा आणि परजीवी माश्यांद्वारे त्याला आवर घालण्याच्या शक्यतेचा अभ्यास करून १९३९ मध्ये 'इंडियन फॉरेस्ट रेकॉर्ड्स'मध्ये दीर्घ निबंध लिहिला. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील सी. एफ. सी. बीसन यांच्या १९४१ च्या वन-कीटकांवरील ग्रंथात हा कीटक शिवणीचा मुख्य शत्रू म्हणून येतो. पुढे ईशान्य भारतापासून केरळपर्यंत जिथे जिथे शिवणीच्या लागवडी झाल्या तिथे तिथे त्याच्या तक्रारी येत राहिल्या.

लागवडीत नेमके होते काय ते पाहण्यासारखे आहे. एकाच वयाची, एकाच जातीची, दोन-तीन मीटर अंतरावरची हजारो झाडे. पालवी सर्वांना जवळजवळ एकाच वेळी फुटते. भुंगेऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. एका झाडाची पाने संपली तर फांदी फांदीला लागलेलीच असते. तण काढून जमीन स्वच्छ ठेवलेली असते, म्हणून गांधीलमाश्यांना फुले नाहीत. पहिल्या पिढीतील थोडेसे भुंगेरे तिसऱ्या पिढीपर्यंत सारे शिवार बोडके करण्याइतके होतात. शिवण एकदा पर्णहीन झाली म्हणून मरत नाही. ती पानझडी आहे, पाने गमावण्याची तिला सवय आहे आणि ती पुन्हा फुटते. परंतु पाने गळणे आणि पाने खाल्ली जाणे यांत मोठा फरक आहे. पान स्वतः गाळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र आणि इतर द्रव्ये परत खोडात ओढून घेते. पावसाळ्यात खाल्ले गेलेले पान ही सगळी पुंजी घेऊन जाते आणि शिवाय वाढीचे दिवसही. लागोपाठ दोन-तीनदा असे झाले की शेंडा वाळतो. बाजूचा कोंब शेंड्याची जागा घेतो, खोडाला फाटा फुटतो आणि सरळ ओंडका मिळण्याची आशा संपते. फार कोवळी झाडे अशा वेळी मरतातही.

पाने खाल्ल्याने लाकडाचे किती नुकसान होते हे मोजणे सोपे नसते, कारण न खाल्लेले झाड तुलनेला लागते. सागाच्या बाबतीत असे मोजमाप झाले आहे. केरळ वन संशोधन संस्थेतील के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीलांबूरच्या कोवळ्या साग लागवडीत पाच वर्षे काही झाडांना पाने खाणाऱ्या अळीपासून संरक्षण दिले आणि शेजारच्या झाडांना दिले नाही. संरक्षण नसलेल्या झाडांनी लाकडाच्या संभाव्य वाढीतील तब्बल ४४ टक्के वाढ गमावली होती. झाड तर एकही मेले नव्हते. वरून हिरवे दिसणारे शिवार आतून किती मागे पडलेले असते, ते या आकड्यावरून कळते.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण ती आदिलाबादेतही होते आणि गोव्यातही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची पाने जाळीदार होऊन करडी दिसू लागतात. ते भुंगेऱ्याचे काम नसून पतंगांच्या अळ्यांचे असते. 'हायब्लिया प्युएरा' ही अळी पावसाच्या सुरुवातीच्या कोवळ्या पानांवर येते, पानाची कड दुमडून तिच्या आत राहते आणि पान जवळजवळ पूर्ण खाते. 'युटेक्टोना मॅकेरालिस' नंतर येते आणि शिरांचे बारीक जाळे तसेच ठेवून मधला हिरवा भाग खाते. जाळीदार पाने ही तिची खूण. नेरडीगोंड्यासारख्या सागप्रधान रानात ही जाळी सहज नजरेस येते. शिवणीवर मात्र मोठी गोल भोके, पानाखाली तपकिरी पाकिटे आणि काळ्या धाग्यांचे झुबके दिसतात. सागावरचे पतंग मिश्र रानातही मोठ्या संख्येने येतात, हेही येथे नोंदवायला हवे. मिश्र रान म्हणजे प्रत्येक किडीवर रामबाण, असे कोणी समजू नये; ज्या किडीचे पतंग वाऱ्यावर कित्येक कोस उडून येतात तिला शेजारच्या ऐन-धावड्यांचा अडसर फारसा होत नाही. शिवणभुंगेरा जड, मंद उडणारा आणि एकाच झाडाला चिकटलेला असल्यामुळे त्याच्या बाबतीत अडसर कामाला येतो.

भुंगेरा नसता तर शिवणीच्या सलग लागवडी यशस्वी झाल्या असत्या काय? याचेही एक उत्तर जगाने पाहिले आहे. अमेरिकन उद्योगपती डॅनियल लुडविग यांनी १९६७ मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यात जारी नदीकाठी प्रचंड जमीन घेऊन कागदाच्या लगद्यासाठी शिवणीची लागवड सुरू केली. लगद्याचा कारखाना जपानमध्ये बांधून १९७८ मध्ये समुद्रमार्गे तेथे ओढत नेण्यात आला. भारतातला हा भुंगेरा तिथवर पोहोचला नव्हता. तरीही रेताड, निकस जमिनीत शिवण अपेक्षेप्रमाणे वाढेना, बुरशीजन्य रोगाने तिला गाठले आणि पाइन व निलगिरीकडे वळावे लागले. लुडविग यांनी १९८२ मध्ये प्रकल्प सोडला. तेव्हा सगळा दोष किड्याच्या माथी मारणे बरोबर नाही. शिवणीला खोल, ओल धरणारी, निचऱ्याची जमीन लागते आणि ती नसेल तर अशक्त झाडावर कीडही लवकर येते.

हा विषय आज महत्त्वाचा होण्याचे कारण म्हणजे शेतजमिनीवर शिवण लावण्याचा वाढता कल. शेती-वानिकीच्या शासकीय योजनांत जलद वाढणाऱ्या जातींमध्ये गम्हार म्हणून तिचा समावेश असतो आणि रोपे विकणारे खासगी व्यापारी एकरी उत्पन्नाचे मोठे आकडे सांगतात. त्या आकड्यांत भुंगेऱ्याचा उल्लेख नसतो. गोव्यात काजूच्या बागा जुन्या झाल्या किंवा खोडकिड्याने गेल्या की त्या जागी दुसरे काय लावावे, असा प्रश्न बागायतदारांपुढे येतो. आदिलाबादेत कापसाच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढेही तो असतो. दहा-बारा वर्षे जमीन अडकवून ठेवणाऱ्या पिकाबाबत ही माहिती रोप विकत घेण्यापूर्वी मिळायला हवी. चौथ्या वर्षी शेंडे वाळल्यावर ती मिळून उपयोग नाही.

सलग शिवणीपेक्षा बांधावर एक ओळ किंवा इतर जातींत मिसळून विखुरलेली शिवण अधिक सुरक्षित. मिश्रणासाठी सीताफळ, आवळा, बांबू, करंज, ऐन असे काहीही चालेल; सागही चालेल, कारण सागाच्या किडी वेगळ्या आहेत. झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळा पूर्णपणे जाळून टाकण्याची जी पद्धत आहे तिच्याबद्दल मतभेद होऊ शकतात. पाचोळ्यात झोपलेले भुंगेरे त्याने मरतात हे खरे. पण भुंगेरे सालीत आणि बांबूतही असतात. शिवाय पाचोळ्याबरोबर जमिनीची ओल आणि तिथे राहणारे शिकारी कीटकही जातात. माझ्या मते लहान लागवडीत पाचोळा एकत्र करून कंपोस्ट खड्ड्यात टाकणे अधिक शहाणपणाचे.

कीटकनाशक फवारण्याचा मोह होतो, विशेषतः पहिल्या प्रादुर्भावात. रोपवाटिकेत किंवा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपांवर, जिथे प्रत्येक पान हाताला लागते, तिथे त्याची गरजच नसते. अंड्यांची पाकिटे असलेली पाने खुडून घेणे आणि सकाळी भुंगेरे मंद असताना फांदी हलवून कापडावर पाडणे पुरेसे होते. खुडलेली पाने मात्र लगेच जाळू नयेत; ती बारीक जाळीच्या डब्यात ठेवली तर त्यांतून बाहेर पडणाऱ्या परजीवी माश्या जाळीतून उडून शिवारात परततात आणि अळ्या आतच राहतात. मोठ्या झाडांवर उंच फवारा मारला तर आधी मरतात त्या याच माश्या, भुंगेरा मात्र पुढच्या पिढीत पूर्वीपेक्षा मोकळा होतो. नेरडीगोंड्याच्या परिसरातील ओढे कडम नदीला आणि पुढे गोदावरीला मिळतात, सत्तरीतले म्हादईला. उंच झाडावरची फवारणी पावसाबरोबर तिथपर्यंत जाते. शिवणीची फुले मधमाश्यांच्याही आवडीची आहेत हे फुलोऱ्याच्या काळात विसरता कामा नये.

लागवड असलेल्यांनी पाहणीसाठी तीन वेळा लक्षात ठेवाव्यात. पहिली, पालवी फुटून पाने हाताच्या पंजाएवढी होतात तेव्हा. या वेळी दिसणारे भुंगेरे म्हणजे झोपेतून उठलेली जुनी पिढी असते आणि ती संख्येने सर्वांत कमी असते. दुसरी, पहिल्या जोरदार पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी, जेव्हा पाकिटे आणि काळे झुबके दिसू लागतात. तिसरी, नोव्हेंबरमध्ये. त्या वेळी पानांवर भुंगेरे दिसेनासे होतात. पण सालीच्या सैल पापुद्र्याखाली नखाने हळूच उचकटून पाहिले तर दहा-पंधरा निळे मणी एकमेकांना चिकटून बसलेले आढळतात. किती आहेत हे मोजून ठेवले तर येत्या उन्हाळ्यात पालवीवर किती येतील याचा बराचसा अंदाज बांधता येतो.